सातपाण्याची बारावी वैद्यीण

एका राज्यात सहा परगणे होते सुखात आणि सातवा होता घाटाखाली. त्याचं नाव सातपाणी. सात ओढे, सत्तर वाड्या, माणसं कष्टाळू, भात सुगंधी. उणं एकच होतं. तिथं वैद्य टिकत नसे.

टिकत नसे म्हणजे पळून जात असे, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. सातपाण्यात आलेला वैद्य शंभराव्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला की, पक्षी होत असे. राखी अंग, पिवळी चोच. घरातून उडायचा आणि वेशीवरच्या सावरीवर जाऊन बसायचा. असे अकरा वैद्य त्या झाडावर बसले होते आणि दिवसभर औषधांची नावं घेत होते. एक म्हणे हिरडा, दुसरा म्हणे सुंठ, तिसरा म्हणे अडुळसा, अडुळसा. पोट दुखलं की लोक झाडाखाली उभे राहून ऐकत. पण पक्ष्याला नाडी बघता येत नाही, आणि ऐकीव औषधानं बरी होणारी माणसं तशीही बरी झालीच असती.

राजा उदयभान मनानं चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागाहून मलाच बोल लावाल. त्यानं सातपाण्यात वैद्यासाठी सात दालनांची हवेली बांधली, दाराशी पालखी ठेवली. वैद्य आला, शंभर दिवस राहिला, धुराड्यातून उडाला. मग राजानं पुढच्या वैद्याकडून अग्नीसमोर बारा वर्षांची शपथ घेतली, हवेलीभोवती बारा पहारेकरी उभे केले, धुराडं लिंपून टाकलं. तो मोरीच्या भोकातून उडाला. मग राजमांत्रिक उग्रदत्तानं तिसऱ्याच्या पायाला मंतरलेला लाल दोरा बांधला. तोही पक्षी झाला, फक्त पायात लाल दोरा राहिला. झाडावर तेवढा एक लांबून ओळखू येत असे.

पुढं पुढं कुणी येईना, म्हणून राजानं चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. बारावी चिठ्ठी निघाली कमळजेची. वय तिशीचं, हात हलका, बोलणं रोखठोक. वेशीत जमलेल्या लोकांना ती म्हणाली, "मी हौसेनं आले नाही. चिठ्ठीत नाव निघालं. पण आहे तोवर काम चोख करीन." लोकांनी माना डोलावल्या. अकरांनी गोडगोड बोलून पाहिलं होतं, त्यापेक्षा हे बरं वाटलं. हवेलीत न जाता ती वैद्याच्या जुन्या घरात उतरली.

आता सातपाण्याची रीत ऐका, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. वैद्याचा मान तिथं मोठा. पहिलं दूध, नवा भात, परसातला पहिला भोपळा, सगळं वैद्याला. पण ते ठेवायचं कुंपणाबाहेरच्या मानाच्या दगडावर आणि मागे न बघता घरी यायचं. धडधाकट माणसानं वैद्याच्या दारात पाऊल टाकलं तर रोग पायाला चिकटून घरी येतो, असं तिथं लहानपणापासून शिकवत. आजाऱ्याला ओसरीवर टेकवायचं आणि सोबत्यांनी कुंपणाबाहेर पळायचं. दारात पावलं वाजली की कमळजा आतून विचारी, "काय होतंय?" आजारी सांगे. बरं वाटलं की तोही पुन्हा तिकडे फिरकत नसे. तीन महिन्यांत तिला लोकांनी ताप सांगितला, खोकला सांगितला, मूळव्याध सांगितली. आज हवा छान पडली आहे, एवढं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गावात गोजरा नावाची सुईण होती. तीनशे बाळं तिच्या हातावर जन्मली होती. धाकटी लेक साळू पहिलटकरीण, नववा महिना, आणि बाळ पोटात आडवं. थोरली लेक चार वर्षांपूर्वी अशाच आडव्या बाळानं गेली होती. तेव्हाचा वैद्य आठ दिवस आधीच सावरीवर जाऊन बसला होता. गोजरा झाडाखाली पदर पसरून उभी राहिली आणि वरून तो म्हणत राहिला, शतावरी, शतावरी. शिवाय त्या महिन्यात गोजरा एकदा शेळी हाकलायला वैद्याच्या कुंपणाच्या आत शिरली होती. तोच रोग घरी आला, असं गाव म्हणालं. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण गोजराच्या कानावर यायचं ते आलं, आणि तिनं ते खरं मानलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी कमळजा साळूला तपासायला घरी आली. पोटावर हात फिरवून म्हणाली, "आडवं आहे. बाहेरून हातानं वळवता येईल. पण आज वळवलं तर पुन्हा फिरेल. कळा सुरू व्हायच्या सुमारासच वळवायला हवं."

"म्हणजे कधी?" गोजरानं विचारलं.

"पंधरवडा धरा."

"तुमचे राहिलेत अकरा दिवस."

कमळजेनं बाही वर केली. कोपराजवळ दोन राखी पिसं फुटली होती. ती म्हणाली, "तुम्हाला वळवता येतं का?"

"एकदाच करून पाहिलं," गोजरा म्हणाली. "थोरलीवर."

गोजरानं भाकरी बांधल्या, साळूला शेजारणीच्या हवाली केलं आणि घाट चढायला लागली.

तीन दिवस चालून, ब्याण्णवाव्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. टाचा फुटल्या होत्या, संगमरवरावर पावलागणिक रक्ताचा डाग.

"काय मागतेस?" राजानं विचारलं.

"वैद्य."

"बारा दिले."

"बारा पाठवलेत, महाराज. राहिला एकही नाही."

"हवेली दिली, पहारा दिला, दोरा दिला. आणखी काय देऊ?"

"ते इथं बसून कसं कळणार? तुम्ही घाट उतरलात का कधी?"

राजानं त्या रक्ताच्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

मग उग्रदत्त मांत्रिक खाकरला. "महाराज, सातपाण्यात पूर्वी वेणाई नावाची वैद्यीण होती. पस्तीस वर्षं होती. मरताना ती काहीतरी बोलली, तोच शाप. ती मेली त्या दिवशी तिचा खल, तिचा बत्ता आणि तिचं गाळण्याचं फडकं घर सोडून तीन दिशांना गेलं. खल उकळत्या कुंडाशी आहे, बत्ता खिंडीत, फडकं सावरीवर. तिन्ही एकत्र आणून कुटलं की खल तिचे शब्द बोलेल. उतारा त्यातच असणार."

"हे तुम्हाला बारा वर्षं ठाऊक होतं?"

"होतं. मला दोरा बांधायला सांगितलं होतं. मी दोरा बांधला."

राजा सिंहासनावरून उठला. त्यानं घोडा घेतला नाही, कारण त्या वाटेला घोडा चालत नाही. तो आणि गोजरा पायीच निघाले.

पंच्याण्णवाव्या दिवशी ते उकळत्या कुंडाशी आले. कुंडात सुसर होती आणि सुसरीच्या पाठीवर खल होता. सुसर म्हणाली, "वेणाईला खायला काय आवडायचं? चुकलात तर चावा."

राजा म्हणाला, "पक्वान्न." सुसरीनं त्याचा उजवा हात चावला आणि सोडला.

राजा मागे हटला. मग सुसर गोजराकडे वळली. गोजरानं आठवून पाहिलं. याच वेणाईनं गोजराची दोन्ही बाळंतपणं केली होती. तिचे हात आठवले, चांदीचं कडं आठवलं. ती काय खायची, ते काही केल्या आठवेना, कारण ते कधी पाहिलंच नव्हतं.

"ठाऊक नाही," गोजरा म्हणाली. "पस्तीस वर्षं आमच्यात होती आणि मी कधी विचारलं नाही. मला लाज वाटते."

सुसर म्हणाली, "तू खरं बोललीस. ऐकून ठेव. कुळथाचं पिठलं, तळाला जरासं लागलेलं." तिनं पाठ काठाला लावली. राजानं खल डोक्यावर घेतला. वजनाला खल मणाचा, आणि एक हात रक्तबंबाळ, पण त्यानं कुरकुर केली नाही, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

सत्त्याण्णवाव्या दिवशी दिवस मावळताना ते खिंडीत पोचले. तिथं राक्षसीण बसली होती आणि बत्त्यानं दगडांचं पीठ करत होती. ती म्हणाली, "इथं येतो तो काहीतरी मागायलाच येतो. उद्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत माझ्यापाशी बसा. मागू नका, विचारू नका, उठू नका. बसलात तर बत्ता तुमचा. नाही बसलात तर तुमचंही पीठ."

अठ्ठ्याण्णवावा दिवस असा बसण्यात गेला. गोजराच्या मनात साळूच होती. साळूला कळा लागल्या असतील का, शेजारीण घाबरून पळाली तर नसेल, दोन दिवस उरले आणि मी इथं दगडावर मांडी घालून. राजानं तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी गोजरानं त्याच्या मांडीला चिमटा काढला. राजाच्या अंगाला हात लावला तर त्या राज्यात हात तोडत, पण राजानं त्या दिवशी ते मनावर घेतलं नाही. राक्षसीण बोलत होती. गुडघा दुखतो म्हणाली, खालच्या ओढ्याचा आवाज आवडतो म्हणाली, पूर्वी तिची एक बहीण होती म्हणाली. दुपार कलली तशी गोजरा खरोखरच ऐकायला लागली.

सूर्य मावळला. राक्षसिणीनं बत्ता गोजराच्या ओटीत ठेवला आणि म्हणाली, "वेणाई यायची. पाला तोडायचं निमित्त करायची आणि माझ्यापाशी बसायची. तिला दुसरीकडे कुठं बसायला नव्हतं."

नव्व्याण्णवाव्या दिवशी ते घाट उतरून गावात आले. साळूला अजून कळा नव्हत्या, पण पोट खाली उतरलं होतं. पोटात बाळ आडवं ते आडवंच. कमळजा कुंपणापर्यंत आली नाही. तिला आता बोटं मिटता येत नाहीत, असं शेजारणीनं सांगितलं.

शंभरावा दिवस उजाडला. सारं गाव सावरीखाली जमलं. गोजरानं खल आणि बत्ता झाडाच्या बुंध्याशी ठेवले, तशी अकराही पक्ष्यांची बडबड थांबली. सगळ्यांत वरच्या फांदीवर सगळ्यांत जुना पक्षी होता, पहिला वैद्य. त्याच्या घरट्यात वेणाईचं फडकं अंथरलेलं होतं. बारा वर्षांत तो औषधाशिवाय पहिल्यांदाच काही बोलला.

"माझं नाव सांगा आणि फडकं न्या."

गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं. "आम्ही तुम्हाला वैद्यबुवा म्हणायचो," कुणीतरी म्हणालं.

"ते नाव अकरांचं आहे. माझं सांगा."

ऊन झाडाच्या निम्म्यावर चढलं. गोजरानं राजाकडे पाहिलं, कारण वैद्याला सनद राजाच्याच हातची मिळत असे. राजानं डोळे मिटले. त्याला हवेलीचे खांब आठवले, पालखीचे गोंडे आठवले. मग एक माणूस आठवला, हात जोडून उभा असलेला.

"दामोदर," राजा म्हणाला. "तुम्ही म्हणाला होता, हवेली नको, आईला सोबत आणायची परवानगी द्या. मी म्हणालो, नंतर बघू."

"नंतर कधी बघितलंत?"

"नाही बघितलं," राजा म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

फडकं अलगद खाली आलं. गोजरानं ते खलाखाली अंथरलं. कुटायला काही नव्हतं, म्हणून रिकामाच खल कुटला. तिसऱ्या घावाला खल वेणाईच्या आवाजात बोलायला लागला. आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता.

"मला ताप आहे. तीन दिवस चूल पेटली नाही. या तीन दिवसांत गावात कुणी आजारी पडलं नाही, म्हणून माझ्याकडे कुणी आलं नाही. दगडावर दूध ठेवून जातात, ते मला ऐकू येतं. उठवत नाही. यापुढं इथं येणारा वैद्य शंभर दिवस वाट बघेल आणि पक्षी होईल. बरं असलेलं माणूस आपल्या मनानं या उंबरठ्याच्या आत येऊन बसेल, तेव्हा हे सुटेल."

खल गप्प झाला. ती गेल्याचं गावाला चौथ्या दिवशी कळलं होतं, दगडावर दुधाची तीन भांडी तशीच राहिली म्हणून. हे सगळ्यांना आठवलं. कुणी कुणाकडे बघेना.

"मी जातो," राजा म्हणाला. पण त्याचा हात सुजून ठणकत होता, अंगात कणकण होती. बरं असलेलं माणूस तो नव्हता. "मग शिपाई जातील. हुकूम आहे."

"हुकमानं नव्हे, मनानं," खल म्हणाला आणि मधोमध तडकला.

सूर्य डोक्यावर यायला हातभर उरला होता. लोक मागे सरकले. वाईट नव्हती हो ती माणसं. ज्याच्या त्याच्या घरी लेकरं होती, म्हातारे होते, आणि भीती दुधाबरोबर पोटात गेली होती. गोजरा कुंपणाकडे चालायला लागली, तेव्हा साळूनं तिचा हात धरला.

"आई, जाऊ नकोस. बाळाला लागेल. ताईच्या वेळी लागलं तसं."

गोजरा थांबली. चार वर्षं जे मनात धरून ती जगली होती, ते लेकीनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं. तिला वाटलं, मागे फिरावं. साळूचा हात धरून घरी जावं आणि देवापुढं बसावं. मग तिला दुधाची तीन भांडी दिसली. ती म्हणाली, "साळे, मला फार भीती वाटते. पण ताई कशानं गेली ते मला आज कळलं. शेळीनं नाही गेली. वैद्य नव्हता म्हणून गेली." तिनं हात सोडवून घेतला.

मानाचा दगड मागे पडला. कुंपण मागे पडलं. ओसरी. आत कमळजा भिंतीला टेकून बसली होती. खांद्यापर्यंत पिसं, ओठ पिवळे होऊन पुढं आलेले. दारात पावलं वाजली तशी सवयीनं तिनं विचारलं. आवाज निम्मा पक्ष्याचा झाला होता.

"काय होतंय?"

गोजरानं उंबरठा ओलांडला.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज आले."

कमळजेला ते समजलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं, "कुठं दुखतंय?"

"कुठं नाही. बसायला आले. जेवलात का?"

"नाही."

"तुम्हाला काय आवडतं खायला?"

"शेवग्याच्या पाल्याची भाजी," ती म्हणाली. "आई करायची." आणि रडायला लागली. गोजरा तिच्याजवळ मांडी घालून बसली. डोक्यावरच्या धुराड्यातून उन्हाचा तुकडा सरळ खाली आला, दोघींच्या मधोमध पडला. बाहेर गाव कुंपणाशी उभं होतं. उन्हाचा तुकडा हळूहळू सरकला, कलला, भिंतीवर चढला. कमळजेच्या खांद्यावरून एक पीस गळालं, मग दुसरं, मग मूठमूठभर.

तेवढ्यात बाहेर साळू ओरडली. कळा सुरू झाल्या होत्या.

"लागलं," गावातून कुणीतरी म्हणालं, आणि गोजराचं काळीज तुटलं. तिला उठता येईना. कमळजा मात्र उठली. हाताला चिकटलेली पिसं झटकली, पाच बोटं उघडून मिटून पाहिली आणि म्हणाली, "लागायचंय काय त्यात? दिवस भरलेत. पाणी गरम करा, आणि तुम्ही माझ्यासोबत चला. वळवायचं कसं ते बघून ठेवा."

पाणमोट फुटायच्या आत तिनं साळूचं पोट दोन्ही तळहातांत घेतलं. एक हात वर, एक खाली. दाबत नव्हती, वाट दाखवत होती. साळू दात आवळून होती. एकदा बाळ अर्धं फिरून माघारी गेलं. कमळजेनं हात उचलला नाही, पुढची कळ जाऊ दिली. दुसऱ्या वेळी डोकं खाली आलं आणि तिथंच राहिलं. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. रडली ती चांगली ठणठणीत. तिचं नाव वेणाई ठेवलं.

सावरीखाली अकरा माणसं अंगाला हात लावून बघत बसली होती. एकाच्या पायात लाल दोरा होता. राजा त्यांना म्हणाला, "ज्याला जायचं त्यानं जावं. मी कुणाला धरणार नाही." नऊ जण गेले, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. दोघं राहिले. त्यातला एक दामोदर. त्याची आई जिवंत होती. राजानं तिला स्वतःच्या पालखीतून घाट उतरवून आणलं. पहारेकरी घरी गेले, हवेलीत भात साठवायला लागले, चिठ्ठ्यांचा रांजण फोडला. लोक आधी भीत भीत, मग भांडी घेऊन, मग रिकाम्या हातानं वैद्याच्या ओसरीवर यायला लागले. कमळजा म्हणायची, औषध कुटायला उसंत देत नाहीत मेले. पण दार लावून घेत नसे.

सातव्या वर्षी एकदा सकाळी कमळजेच्या चुलीचा धूर निघाला नाही. तिला रात्रीपासून ताप होता, उठवत नव्हतं. ती पडल्या पडल्या आढ्याकडे बघत होती. सूर्य कासराभर वर यायच्या आत ओसरीवर पावलं वाजली, एकाची नव्हे, पुष्कळांची. दार ढकलून गोजरा आत आली. तिच्या हातात कुळथाच्या पिठल्याची वाटी होती. तिनं कमळजेच्या कपाळाला हात लावला.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

हा प्रश्न कमळजेनं हजारोंना विचारला होता. तिला आजवर तो कुणी विचारला नव्हता. तिनं उशीवर मान वळवली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.